रेस घेत नाही, चेक लाइट लागते, चावी फिरवली की पुन्हा ठीक: पावसाळ्यात परत परत येणारा थ्रॉटलचा दोष

तक्रार ठरलेली असते. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना गाडी अचानक रेस घेईनाशी होते. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन बाराशे-पंधराशे आरपीएमच्या आसपास घुटमळतं आणि मीटरवर चेक लाइट लागलेली असते. कडेला घेऊन चावी बंद केली, थोड्या वेळाने पुन्हा चालू केली, की काही झालंच नव्हतं अशी गाडी पळते. पुढे आठवडाभर सगळं सुरळीत. मग एक जोरदार सर येते आणि पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की पी-२१३५ नाहीतर पी-२१३८ हा कोड निघतो. पहिल्या वेळी कोड पुसला जातो, दुसऱ्या वेळी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा चकतीनं कमी-जास्त करणारा भाग) साफ होते, तिसऱ्या वेळी ती बदलली जाते. बदलल्यावर गाडी खरंच सुधारते आणि काही आठवड्यांनी तोच कोड परत येतो. किनारपट्टीवर या दोषाचं मूळ बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीत नसतं. ते कपलरच्या (तारा जोडायच्या प्लगच्या) पिनांत, अर्थिंगच्या बोल्टवर आणि पाणी ज्या वाटेनं वायरिंगपर्यंत पोचतं त्या वाटेत असतं. नवा भाग बसवताना कपलर काढून घातला जातो, पिना एकमेकींवर घासून तात्पुरत्या स्वच्छ होतात, आणि श्रेय मात्र नव्या भागाला मिळतं. म्हणून व्होल्टेज मोजल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नका.

घाटात असं झालं तर आधी पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर) लावा आणि वळण सोडून मोकळ्या जागी गाडी डावीकडे घ्या. पेडल पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही, कारण त्या वेळी ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) पेडलचं ऐकणंच सोडलेलं किंवा फार कमी केलेलं असतं. चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा, पेडलवर पाय न ठेवता चालू करा. गाडी सुधारली तरी त्या प्रवासात ओव्हरटेक टाळा.

ईसीएम नेमकं काय बघतं

आताच्या पेट्रोल गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलच्या वर एक सेन्सर असतो, त्यात दोन वेगळे ट्रॅक, म्हणजे पेडल किती दाबलंय हे स्वतंत्रपणे मोजणारे दोन भाग. बहुतेक गाड्यांत या कपलरला सहा तारा येतात: दोन ५ व्होल्टच्या, दोन अर्थच्या, दोन सिग्नलच्या. म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा सप्लाय आणि अर्थ स्वतंत्र. थ्रॉटल बॉडीच्या कपलरलाही सहसा सहाच तारा असतात, पण वाटणी वेगळी: दोन मोटरच्या, एक ५ व्होल्टची, एक अर्थची आणि दोन सिग्नलच्या. इथे दोन्ही ट्रॅक एकच सप्लाय आणि एकच अर्थ वाटून घेतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे निदान त्यावरच ठरतं.

पेडलचा सिग्नल आल्यावर ईसीएम मोटरला हवी त्या दिशेनं करंट देऊन थ्रॉटलची चकती फिरवतं आणि चकती खरोखर किती फिरली हे थ्रॉटलच्या दोन सेन्सरांवरून पडताळतं. मोटरचा करंट तोडला तर स्प्रिंग चकतीला पूर्ण बंद करत नाही, थोडी उघडी ठेवते. त्या फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन चालू राहतं आणि गाडी सरपटत का होईना कडेला नेता येते. घाटात इंजिन बाराशे-पंधराशेवर अडकतं ते यामुळे. चकती जाम झालेली नसते, ईसीएमने मुद्दाम हात काढून घेतलेला असतो.

दोन ट्रॅक कशासाठी, हे समजलं की अर्धी तपासणी झाली. एकच सेन्सर असता आणि त्याची तार दुसऱ्या तारेला चिकटली असती, तर ईसीएमला वाटलं असतं की चालकानेच पेडल दाबलंय. म्हणून दोन सिग्नल वेगळ्या प्रमाणात चढवतात. पेडलच्या एका प्रचलित मांडणीत पहिला सिग्नल पाय सोडलेला असताना साधारण ०.७५ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ३.८ व्होल्टच्या आसपास जातो, दुसरा कायम त्याच्या निम्मा. काही कंपन्या निम्म्याऐवजी दोघांत ठरावीक अंतर ठेवतात. थ्रॉटल बॉडीत बऱ्याच ठिकाणी एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि दोघांची बेरीज कुठल्याही स्थितीत ५ व्होल्टच्या जवळ राहते. तुमच्या गाडीची मांडणी कुठली हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या, एकीचे आकडे दुसरीला लावू नका.

पी-२१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सिग्नलांचा मेळ बसत नाही. पी-२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सिग्नलांचा. ‘थ्रॉटल बॉडी खराब आहे’ असं हे कोड म्हणतच नाहीत. सेन्सरपासून ईसीएमच्या पिनेपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी एक व्होल्टेज चुकीचं होतंय, एवढंच ते सांगतात.

डिझेल गाडीत ताकद हवेच्या चकतीवर नाही, इंजेक्टरमधून किती डिझेल सुटतं त्यावर ठरते. तिथेही इनटेकमध्ये थ्रॉटलसारखी चकती असते, पण तिचं काम ईजीआरला (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेला) मदत करणं आणि इंजिन झटका न देता बंद करणं हे. त्यामुळे डिझेल पिकअप किंवा जीप रेस घेईना झाली तर सुरुवात पेडलच्या सेन्सरपासून करा. दुचाकींचं थोडक्यात: १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर स्कूटर-मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं, पण बहुतेकींना अजून केबलच आहे आणि थ्रॉटल बॉडीवर तीन तारांचा एक सेन्सर. पिना आणि अर्थिंगचं खाली दिलेलं सगळं त्यांनाही लागू पडतं.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या

सगळे कोड, पेंडिंगसकट (म्हणजे अजून पक्के न झालेलेही), कागदावर उतरवा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड आला तेव्हा स्पीड किती, इंजिनचं तापमान किती आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं व्होल्टेज किती होतं हे त्यात असतं. पुसल्यावर ते परत मिळत नाही.

मग कोडांचा गट बघा. पी-०१२२ आणि पी-०२२२ म्हणजे थ्रॉटलचा पहिला किंवा दुसरा सिग्नल फार खाली. पी-०१२३ आणि पी-०२२३ म्हणजे फार वर. पेडलसाठी हेच काम पी-२१२२, पी-२१२७ (खाली) आणि पी-२१२३, पी-२१२८ (वर) करतात. पी-०६४१ किंवा पी-०६५१ निघाला तर ५ व्होल्टचा सप्लायच डळमळतोय. पी-२१०१, पी-२१११, पी-२११२ हे मोटर आणि चकतीच्या हालचालीचे. इथे मात्र कार्बन, गिअर आणि मोटरच्या तारा आधी बघाव्या लागतात.

पी-२१३५ आणि पी-२१३८ एकाच वेळी निघाले तर पेडल आणि थ्रॉटल बॉडी एकाच दिवशी खराब झाले असं समजू नका. दोघांत सामाईक जे आहे तिकडे वळा: ५ व्होल्टचा सप्लाय, इंजिन-बॉडीचं अर्थिंग, बॅटरी, ईसीएमचा कपलर.

आणखी एक सहज सुटून जाणारी गोष्ट. ब्रेक स्विचचा कोड, पी-०५०४, सोबत असेल तर आधी तो सोडवा. ब्रेक आणि रेस एकत्र दाबले गेले असं ईसीएमला दिसलं की बऱ्याच गाड्या मुद्दाम ताकद कमी करतात. ब्रेक स्विच पेडलजवळच असतो, आणि ओल्या चपला-मॅटमुळे त्या कोपऱ्यात दमटपणा साठतो.

कोकणात नेमकं काय बिघडतं

समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो आणि ते बोनेटखाली सगळीकडे बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. त्यामुळे पाऊस थांबला, रस्ता वाळला, तरी कपलरमधली मिठाची पापडी ओलीच राहते. ‘काल पाऊस नव्हता तरी लाइट लागली’ या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

ही ओली पापडी दोन प्रकारे त्रास देते. एक, ५ व्होल्टच्या पिनेतून शेजारच्या सिग्नलच्या पिनेकडे थोडा करंट गळतो आणि सिग्नल नसताना चढतो. दोन, सतत वाहणाऱ्या करंटमुळे ५ व्होल्टची पिन हळूहळू खाल्ली जाते. जुना कपलर उघडून टॉर्चच्या उजेडात बघितला तर सहा पिनांपैकी एकच बारीक झालेली आणि मुळाशी हिरवी-पांढरी भुकटी धरलेली दिसते. ती बहुतेक सप्लायची निघते.

दुसरा शत्रू पाण्याविनाही काम करतो. पिनांवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. इंजिनाच्या थरथरीनं आणि तापून-गार होण्यानं नर आणि मादी पिना एकमेकींवर अगदी किंचित घासत राहतात. घासून उघडं पडलेलं कथिल हवेशी संयोग पावतं आणि संपर्काच्या ठिपक्यावर काळपट भुकटी जमते. कपलर बाहेरून नवा दिसतो, आत रेझिस्टन्स वाढलेला असतो. हा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो, म्हणून भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. कपलर काढून लावला की ठिपका पुसला जातो आणि दोष काही आठवडे गायब होतो.

तिसरं म्हणजे तार आतून सडणं. कपलरचा रबर सील एकदा फाटला, किंवा कुणी तपासताना तारेत सुई खुपसली, की तांब्याच्या बारीक तंतूंमधून पाणी इन्सुलेशनच्या आत चढत जातं. बाहेरून तार ठीक, आत हिरवी पूड. किनाऱ्यावर सुई खुपसून मोजणं म्हणजे आज निदान करून पुढच्या पावसाळ्याचा दोष पेरून ठेवणं. हे कुणालाही करू देऊ नका, गॅरेज कितीही ओळखीचं असलं तरी.

आता पाण्याची वाट. आंबा-फणसाच्या झाडाखाली गाडी उभी असते. वायपरखालच्या जाळीतून पानं आणि मोहोराचा कचरा आत पडतो आणि पाणी बाहेर जायची दोन्ही टोकांची भोकं बुजतात. मग जोरदार सरीत तिथे तळं साठतं. पाणी ग्रोमेटमधून (तारा आत जातात त्या भोकातल्या रबरातून) डॅशबोर्डच्या आत उतरतं आणि वायरिंगच्या अंगानं ओघळत थेट पेडलच्या कपलरवर येतं. काही गाड्यांत ईसीएमच त्या जाळीखाली बसवलेलं असतं, तिथे तर ही भोकं बुजणं फार महागात पडतं. मे महिन्यात घराची कौलं चाळतो तसं गाडीच्या बाबतीत हे एक काम ठरवूनच टाका: जाळी काढायची, पानं उपसायची, मग ओतलेलं तांब्याभर पाणी चाकाजवळून खाली पडतंय का बघायचं.

भातखाचरं भरली की उंदीर उबेसाठी बोनेटखाली येतात. कुरतडलेल्या तारेचं तांबं उघडं पडतं आणि पहिल्याच ओल्या दिवशी कोड येतो. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरमध्ये बोनेट उघडून प्रेशरनं पाणी मारलं जातं, त्यानं सीलच्या ओठाखाली पाणी शिरतं. तांबडी जांभ्याची धूळ आधीच सीलवर बसलेली असेल तर सील नीट टेकत नाही. मिरकरवाडा किंवा हर्णैला मासळी भरणाऱ्या टेम्पोंची गोष्ट वेगळी: बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळतं आणि अर्थच्या पट्ट्या सर्वांत आधी जातात. हौशीनं वाळूत गाडी घालून लाटांतून फिरवणाऱ्यांनी त्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवावी, पण कमी प्रेशरनं.

तपासणी: कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे

लागणारं सामान: कमाल-किमान नोंदवणारा डिजिटल मल्टिमीटर, कपलरच्या मागून सीलच्या कडेनं सरकवायच्या बारीक पिना, ग्राफ दाखवणारं ॲप आणि गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल, १२ व्होल्ट ५ वॉटचा एक बल्ब, कंटॅक्ट क्लीनर.

१. बॅटरी आणि अर्थिंग. इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीवर १२.४ व्होल्टच्या वर हवेत; चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी किंवा टर्मिनल आधी दुरुस्त करा, कारण कमी व्होल्टेजवर थ्रॉटलचे खोटे कोड येतात. मग इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारा स्विच चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरं इंजिनच्या धातूवर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी दोषी. तसंच बॉडीवरही मोजा. इथे ओहम मोजू नका. एक तंतू शिल्लक असलेली पट्टीही मल्टिमीटरवर शून्य ओहम दाखवते.

२. ५ व्होल्ट. चावी चालू, कपलर जोडलेलाच ठेवून मागून पिन घाला. सप्लाय आणि सेन्सरच्या अर्थमध्ये ४.९ ते ५.१ हवेत. कपलर काढून मोजण्याची सवय इथे फसवते. मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगा-ओहमच्या घरात असतो, त्यामुळे सडलेल्या तारेतूनही तो पूर्ण ५ व्होल्ट दाखवतो. सेन्सरचा भार पडल्यावरच खरं काय ते कळतं.

जोडलेल्या स्थितीत व्होल्टेज पडत असेल तर त्याच ५ व्होल्टवर आणखी कोण बसलंय ते वायरिंगच्या नकाशात बघा. एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर, मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा), डिझेलमध्ये रेल प्रेशर सेन्सर (इंधनाचा दाब मोजणारा) यांतले काही हाच सप्लाय वाटून घेतात. एसीचा सेन्सर अगदी पुढे, जाळीमागे असतो, पुढच्या गाडीनं उडवलेलं सगळं पाणी त्याच्यावर. चावी बंद करून हे सेन्सर एकेक करून काढा आणि दर वेळी चावी लावून ५ व्होल्ट परत येतात का बघा. ज्याचा कपलर काढल्यावर आले, तो दोषी. एसीच्या सेन्सरपायी थ्रॉटल बॉडी बदलली जाणं ही कल्पना नाही, नेहमी होणारी गोष्ट आहे.

३. सिग्नल. पेडल सोडलेलं, निम्मं, पूर्ण दाबलेलं. तिन्ही ठिकाणी दोन्ही सिग्नल लिहून घ्या. मग ग्राफवर दोन्ही रेषा लावून पेडल अगदी हळू, आठ-दहा सेकंदांत खाली न्या. रेषेत कुठेही खड्डा किंवा काटा दिसता कामा नये. घासणारी पट्टी असलेल्या सेन्सरमध्ये खड्डा बहुधा सुरुवातीच्या भागात असतो, कारण गाडी बहुतांश वेळ तिथेच चालते. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असा झिजत नाही; त्याच्यावर ओहम मोजून काही कळतही नाही.

बेरीज ५ व्होल्ट येणाऱ्या थ्रॉटल बॉडीत एक फार उपयोगी युक्ती चालते. बेरीज ५ च्या वर गेली तर अर्थच्या तारेत रेझिस्टन्स आहे; ५ च्या खाली गेली तर सप्लायच्या तारेत. समजा दोन्ही ट्रॅक मिळून रेझिस्टन्स १ किलो-ओहम आहे आणि अर्थच्या पिनेवर गंजामुळे १०० ओहम वाढले. करंट साधारण ४.५ मिलीॲम्पिअर, म्हणजे सेन्सरचा तळच ०.४५ व्होल्टनं उचलला गेला. चकती जवळजवळ बंद असताना ०.७५ ऐवजी सुमारे १.१४, ४.२५ ऐवजी ४.३२, बेरीज ५.४५. बिचारा सेन्सर ठणठणीत आहे आणि ईसीएमला दोन सिग्नलांचा मेळ बसत नाहीसा वाटतो. एक पिन साफ केली की संपलं. मात्र बेरीज बरोबर पाचच राहून एकच सिग्नल उड्या मारतोय असं होत नाही. एकटा सिग्नल हलला तर बेरीज हलतेच, आणि मग त्या एका सिग्नलच्या तारेकडे किंवा ट्रॅककडे बघायचं.

तार पूर्ण तुटलेली असेल तर चिन्हं आणखी स्पष्ट. बहुतेक गाड्यांत सिग्नलची किंवा सप्लायची तार तुटली की व्होल्टेज शून्याजवळ जातं. अर्थची तुटली की ५ कडे.

४. हलवून आणि भिजवून बघणं. ग्राफ चालू ठेवून ईसीएमपासून थ्रॉटलपर्यंतची वायरिंग वीत वीत अंतरावर हलवा, वाकवा. बॅटरीच्या स्टँडखाली, एअर फिल्टरच्या क्लॅम्पपाशी आणि इंजिन हलतं तिथल्या वळणावर विशेष लक्ष द्या. काहीच सापडलं नाही तर फवारणीच्या बाटलीतून साधं गोडं पाणी एकेका भागावर उडवा आणि दोन मिनिटं थांबा. ईसीएमच्या कपलरवर पाणी उडवायचं नाही.

५. संशयित तारेची भार देऊन तपासणी. बॅटरी सोडवा, तारेचे दोन्ही बाजूंचे कपलर काढा. मग त्या एका तारेतून वेगळ्या १२ व्होल्टवर ५ वॉटचा बल्ब पेटवा. पूर्ण उजेड पडला तर तार चांगली. मंद पेटला तर आत सडलेली. ईसीएम जोडलेलं असताना त्याच्या ५ व्होल्टवर किंवा सिग्नलवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नका.

मोजताना मल्टिमीटरचं जाड टोक मादी पिनेत खुपसू नका. पिन फाकते आणि नवा दोष तयार होतो. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून बघा. प्रत्येक मादी पिनेत सारखीच अडली पाहिजे. एखादीत सैल सरकली तर ती पिन बदला.

दुरुस्ती

पिना कंटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशनं साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. पिन खाल्ली गेली असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नका, पिन नाहीतर तारांसकट नवा कपलर बसवा. तार हिरवी असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, कधीकधी वीतभर जावं लागतं, आणि त्याच जाडीची नवी तार जोडा. सांधा क्रिम्प करून वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. सहा तारांचे सांधे एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, पुढे-मागे घ्या. घरच्या वायरिंगची काळी टेप इथे चालत नाही. उष्णतेनं तिचा गोंद सुटतो आणि आत ओल अडकते.

सीलवर सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस पातळ लावा, पिनांच्या खोबणीत भरू नका. कपलर सिलिकॉन सीलंटनं बुजवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सीलंट तांबं खातं, ते मुळीच वापरू नये. आणि पूर्ण बुजवलेला कपलर आतलं पाणीही बाहेर सोडत नाही. त्यापेक्षा तार कपलरच्या खाली थोडी झुकवून मग वर आणा, म्हणजे ओघळ खालच्या वळणावरून टपकेल आणि कपलरपर्यंत पोचणार नाही.

अर्थच्या बोल्टखाली रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली, मग बोल्ट असा उलटा क्रम नको.

चकतीवर काळा कार्बन असेल तर चावी बंद, बॅटरी सोडवून थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन कडा पुसा. चावी चालू असताना चकती बोटानं ढकलू नका. आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. साफसफाईनंतर ईसीएमला आयडल (पेडल सोडलेलं असतानाचा इंजिनाचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत गाडीगणिक वेगळी; काहींना पेडलला न शिवता ठरावीक वेळ चावी चालू ठेवणं पुरतं, काहींना स्कॅनरच लागतो. हे न केल्यामुळे वर-खाली होणारं आयडल नवा दोष समजलं जातं.

थ्रॉटल बॉडी खरोखर कधी बदलायची? तिच्याच पिनांवर सप्लाय आणि अर्थ पक्के असताना सिग्नल उडत असेल, मोटरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स अनंत किंवा शून्य येत असेल (चांगल्या मोटरवर सहसा एक ते दहा ओहमच्या मधलं काहीतरी येतं), किंवा साफ करूनही चकती एका जागी अडकत असेल तर. नवी बसवतानाही जुन्या कपलरच्या पिना तपासल्याशिवाय त्यावर नवा भाग चढवू नका.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि ग्राफ रेकॉर्ड करत अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, शक्यतो खड्ड्यांच्या रस्त्यानं आणि चढावर. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीची ओल बसलेली असताना, पेंडिंग कोड पुन्हा वाचा.

जुनी गाडी घेत असाल तर पेडलचा कपलर आवर्जून उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि अशी गाडी बाहेरून कितीही चकचकीत केली तरी या कपलरच्या खोबणीत सुकलेला गाळ राहून गेलेला असतो. तो दिसला तर ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलून खालच्या वायरिंगची टेपही सोडून बघा, मगच किमतीचं बोला.